परदेशी जाणारे सामान : आधी मर्यादा, मग दर



आपले पूर्वज मारवाडातून नगर जिल्ह्यात आले तेव्हा त्यांच्यापाशी लोटा आणि दोर एवढेच सामान होते, असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. वाटेत विहीर लागली की पाणी काढावे आणि पुढे चालावे. त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज कॅनडा, अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, दुबई किंवा ऑस्ट्रेलियाला निघतात, तेव्हा मात्र दिवाणखान्यात छतापर्यंत खोकी लागतात आणि सगळे घर एकाच प्रश्नात गुंतून जाते : हे सारे स्वस्तात कसे पाठवावे?

२०२४ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्या घरीही आला. चिरंजीव, सूनबाई आणि सहा वर्षांची नात कॅनडात टोरांटोजवळ स्थायिक होण्यासाठी निघाले. आमच्या सौभाग्यवतींनी पितळी पातेली, पोळपाट, मिक्सर, माझ्या आईने शिवलेल्या गोधड्या, स्टीलच्या डब्यांचा संच आणि पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षांची पुस्तके एकत्र केली. मोजली तेव्हा बेचाळीस खोकी भरली. पहिला दर हाती आला आणि चिरंजीव गप्प झाले. ती रक्कम तिकडे घरभाड्याच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून जाणार होती. नव्या देशात नोकरी लागेपर्यंतचा काळ हाच कुटुंबाचा खरा परीक्षेचा काळ असतो, आणि त्या काळासाठीचे पैसे डब्यांच्या भाड्यात घालणे हा तोट्याचा व्यवहार होता. त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम चार ढीग

दुकानात वर्षअखेरीस मालाची मोजदाद होते, तशीच घराची करावी आणि प्रत्येक वस्तू चारपैकी एका ढिगात ठेवावी. पहिला ढीग सदैव हातात ठेवण्याच्या वस्तूंचा : पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे, पदव्या, विवाह व जन्माचे दाखले, मुलांच्या लसीकरणाची नोंद, औषधे व त्यांच्या चिठ्ठ्या, दागिने. दुसरा ढीग पहिल्या तीन महिन्यांत लागणाऱ्या वस्तूंचा. तो विमानातील बॅगांत जावा. तिसरा ढीग पुढे लागेल पण घाई नाही अशा वस्तूंचा; त्याला समुद्रमार्ग. चौथा ढीग येथेच राहणाऱ्या, विकण्याच्या आणि दान देण्याच्या वस्तूंचा.

चौथा ढीग सर्वांत मोठा झाला पाहिजे. वस्तू तिसऱ्या ढिगात टाकण्यापूर्वी एकच हिशेब करावा : ही तिकडे नवी घेण्यास जेवढे लागेल, त्यापेक्षा तिचे भाडे कमी आहे काय? लाकडी कपाट, पलंग, गाद्या, प्लॅस्टिकच्या वस्तू या कसोटीवर जवळजवळ कधीच उतरत नाहीत. विजेच्या उपकरणांसाठी आणखी एक कसोटी आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे. अमेरिका आणि कॅनडात ती १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते. येथला मिक्सर तिकडे निरुपयोगी ठरतो. त्या देशांसाठी चालणारा ११० व्होल्टचा मिक्सर आपल्याकडेही मिळतो. हवा असल्यास तोच घ्यावा. इंग्लंड आणि दुबईत व्होल्टेज आपल्यासारखेच असल्याने केवळ प्लग बदलून काम भागते. प्रेशर कुकर नेताना इंडक्शन शेगडीवर चालणाऱ्या बुडाचा नेणे सोयीचे.

विमानातील बॅग : सर्वांत स्वस्त मालवाहतूक

तिकिटाच्या भाड्यातच ज्या बॅगांचे पैसे भरलेले असतात, त्यांच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही. उत्तर अमेरिकेच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर सामान्यतः प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात. स्वतंत्र आसन असलेल्या मुलालाही बहुधा तेवढ्याच. तिघांच्या सहा बॅगा म्हणजे १३८ किलो. आखाती देशांच्या व काही युरोपीय मार्गांच्या तिकिटांत बॅगांच्या संख्येऐवजी एकूण किलोंची मर्यादा असते. म्हणून तिकीट घेतानाच सामानाची अट वाचावी. शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त तिकिटात एक बॅग कमी असेल, तर ते तिकीट महागच पडते. विद्यार्थ्यांना काही विमान कंपन्या जादा बॅग देतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. जादा बॅग लागणार असेल तर तिचे पैसे आधीच ऑनलाइन भरावेत, विमानतळावरील खिडकीवर दर बहुधा जास्त पडतो. एक बॅग ३२ किलोच्या वर कोणीही घेत नाही, कारण ती उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीचा विचार त्यामागे आहे.

आपल्या स्वयंपाकघरातील दोन वस्तूंबाबत सावध राहावे. सुके खोबरे तेलकट असल्याने विमान वाहतुकीच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते. बॅगेत ठेवल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. अनारशांसाठी नेलेली पुडी तेथे गंभीर प्रकरण होऊ शकते. पॉवर बँक नेहमी हातातील बॅगेतच ठेवावी.

वजन की आकारमान?

येथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. कुरियर आणि विमान कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर भाडे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा. कुरियरसाठी त्याला सामान्यतः ५,००० ने आणि विमान मालवाहतुकीसाठी ६,००० ने भागावे.

उदाहरणार्थ, ६० × ५० × ४० सेंटिमीटरचे खोके घ्या. गुणाकार १,२०,०००. कुरियरचा भाडेयोग्य आकडा २४ किलो, विमान मालवाहतुकीचा २० किलो. या खोक्यात चार किलोच्या गोधड्या ठेवल्या, तर कुरियर चार किलोंचे नव्हे, चोवीस किलोंचे भाडे घेईल. त्याच खोक्यात २४ किलो पुस्तके बसली तरी भाडे तेवढेच. म्हणून हलके आणि फुगीर सामान हवेतून पाठवू नये. गोधडी, रजई, गालिचा नेणे अगत्याचेच असेल तर हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबून बॅगेत घालावे, अन्यथा समुद्रमार्गाने पाठवावे.

समुद्रमार्गाचे गणित याहून निराळे आहे. तेथे घरगुती सामानाचे भाडे घनमीटरवर ठरते, वजनाला फारसे महत्त्व नसते. वरील मापाची आठ खोकी म्हणजे ०.९६, जवळजवळ एक घनमीटर. त्यांत दीडशे किलोंहून अधिक भांडी व पुस्तके सहज जातात. यातून नियम निघतो तो असा : जड आणि लहान वस्तूंना समुद्र, तातडीच्या वस्तूंना विमानातील बॅग, आणि हलक्या पण मोठ्या वस्तूंना शक्यतो घरचाच कोपरा.

समुद्रमार्ग आणि आमची चूक

सबंध घर नेणारे क्वचितच असतात. वीस फुटी कंटेनरची आतील जागा सुमारे ३३ घनमीटर असते. तेवढे सामान असल्यासच तो स्वतंत्र घ्यावा. इतरांसाठी भागीदारीतील कंटेनर असतो, त्याला व्यवहारात एलसीएल म्हणतात. अनेकांचे सामान न्हावाशेवा बंदरात एकत्र भरले जाते आणि प्रत्येकाकडून जागेप्रमाणे भाडे घेतले जाते. मात्र बहुतेक ठिकाणी किमान एक घनमीटरचे भाडे द्यावेच लागते. अर्धा घनमीटर सामान असेल तर त्याच शहराला निघालेल्या ओळखीच्या कुटुंबाचे सामान एकाच वेळी त्याच कंपनीकडून पाठवावे आणि एकत्र दर मागावा. कस्टमसाठी यादी व कागद मात्र ज्याचे त्याने स्वतंत्र ठेवावेत. दुसऱ्याचे सामान स्वतःच्या नावावर कधीही घेऊ नये.

आमची चूक येथेच झाली. चाळीस वर्षे कर्जाचे करारनामे वाचणाऱ्या मी तीन कंपन्यांचे दर मागवले, सर्वांत कमी दर निवडला आणि तो दर कोठपर्यंतचा आहे हे विचारले नाही. तो केवळ तिकडच्या बंदरापर्यंतचा होता. टोरांटो समुद्रापासून दूर आहे. तिकडचा बंदरखर्च, रेल्वेने पुढची वाहतूक, गोदामाचे भाडे आणि कागदपत्रांचे शुल्क मिळून येथे भरलेल्या रकमेइतकाच दुसरा आकडा चिरंजिवांपुढे आला. तो भरल्याशिवाय सामान सुटत नव्हते, आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाचे भाडे चढत होते. कंपनीने काहीच लपवले नव्हते. तिच्या कागदावर लहान अक्षरांत सर्व लिहिलेले होते. वाचायचे राहिले ते माझ्याकडूनच.

म्हणून दर मागताना पाच प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत. एक, दर दारापासून दारापर्यंतचा आहे की बंदरापर्यंतचा? दोन, तिकडे कोणकोणते खर्च कोणाला द्यावे लागतील, आणि त्यांचा अंदाज काय? तीन, कस्टमने तपासणी केल्यास खर्च कोणाचा? चार, गोदामात किती दिवस विनाभाडे? पाच, विमा कोणत्या नुकसानीचा, आणि घरी भरलेल्या खोक्यांतील फुटतूट त्यात बसते काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. काचसामान न्यायचेच असेल तर तेवढी खोकी कंपनीकडून भरून घ्यावीत. लाकडी पेटी वापरल्यास तिच्यावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा, अन्यथा ती अडवली जाते. आपल्या दुकानातील जुनी खोकी वापरण्याचा मोह टाळावा; पाच थरांचे नवे खोके दोन-तीन महिन्यांचा दमट प्रवास सोसते.

वेळेचा अंदाजही सैल धरावा. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर अनेक जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालण्यास सुरुवात केली, त्यामुळे प्रवास लांबला. थंडीचे कपडे, मुलांची शाळेची पुस्तके, रोजची भांडी समुद्रावर सोपवू नयेत.

पोस्टाचा मार्ग

थोड्या सामानासाठी पोस्टाचे आंतरराष्ट्रीय पार्सल हा दुर्लक्षित पर्याय आहे. अनेक देशांसाठी एका पार्सलची मर्यादा २० किलो असते. दर ठरलेले व जाहीर असतात, घासाघीस नसते, आणि तिकडे मागाहून गोदामभाड्याचा धक्का बसत नाही. मात्र पार्सलवरील कस्टमच्या अर्जात ‘वापरलेले वैयक्तिक सामान’ असा उल्लेख करून वस्तूंची खरी यादी व खरी किंमत लिहावी. अमेरिकेसाठी नियम बदलते आहेत. ऑगस्ट २०२५ अखेर त्या देशाने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढून घेतली, तेव्हा आपल्या पोस्टाला तिकडची सेवा काही आठवडे थांबवावी लागली. ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. पार्सल बांधण्यापूर्वी टपाल कार्यालयात त्या दिवसाचा नियम विचारावा.

तिकडचे कस्टम

स्थायिक होण्यास येणाऱ्या माणसाचे वापरलेले घरगुती सामान बहुतेक देश करमुक्त आत घेतात, पण अटींवर. कॅनडात पहिल्या दिवशी विमानतळावरच सोबतच्या सामानाची आणि मागाहून येणाऱ्या सामानाची अशी दोन भागांतील यादी द्यावी लागते. दुसरी यादी त्या दिवशी दिली नाही, तर पुढे करमाफी मिळवणे कठीण होते. वस्तू येण्यापूर्वी आपल्या मालकीच्या व वापरातील असाव्यात. एखादी वस्तू १०,००० कॅनडियन डॉलरहून महाग असेल तर वरच्या रकमेवर कर लागतो. इंग्लंडमध्ये निवास-स्थलांतराची मंजुरी आधी घ्यावी लागते. सामान किमान सहा महिने वापरलेले आणि माणूस किमान बारा महिने बाहेर राहिलेला असावा. विद्यार्थ्यांसाठी तेथे वेगळी तरतूद आहे. अमेरिकेत मागाहून येणाऱ्या सामानासाठी ३२९९ क्रमांकाचा अर्ज असतो, आणि घरगुती वस्तू वर्षभर वापरलेल्या असाव्या लागतात. ऑस्ट्रेलियात जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत : बियाणे, लाकडी वस्तू, मातीचे डाग असलेले बूट, चंदनाची माळ, लोकरीची पुंजणी, सर्व जाहीर करावे. जाहीर केल्याने फार तर वस्तू जाते. लपवल्याने दंड होतो आणि नावावर नोंद राहते.

यादी करण्यात आपला समाज तरबेज आहे. खोक्यावर क्रमांक, आतील वस्तूंची इंग्रजीत नावे, जुनी किंमत, आणि सर्वांची एक प्रत हातातील बॅगेत. ‘इतर घरगुती सामान’ असे लिहिलेले खोके हमखास उघडले जाते.

जे खोक्यात घालू नये

दागिने कार्गोने किंवा कुरियरने पाठवू नयेत. अंगावर किंवा हातातील बॅगेत न्यावेत, आणि पुढे परत आणायचे असतील तर मूल्यांकनाचा दाखला सोबत ठेवून निघतानाच विमानतळावरील कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. बाकीचे दागिने लॉकरमध्ये ठेवून जाणार असाल, तर लॉकर येथे राहणाऱ्या व्यक्तीसह संयुक्त नावावर करून घ्यावा. हे काम तिकीट काढण्याच्या आठवड्यातच करावे. परदेशातून सही-शिक्क्याचे कागद पाठवत बसलेली अनेक कुटुंबे मी बँकेत पाहिली आहेत.

जुन्या वस्तूंची गोष्ट आणखी नाजूक आहे. पुरावस्तू व कलासंपदा कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, कोरीव वस्तू, धातूचे कलात्मक काम आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. उल्लंघनास सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. वस्तू जुनी दिसते पण तशी नाही, असे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो. आपल्या घरांत पणजोबांच्या काळातील मूर्ती, कलश, हस्तलिखित पोथ्या असतात. भक्तिभावाने त्या बॅगेत ठेवणारी सूनबाई कायद्याच्या नजरेत तस्करी करत असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

आमच्या घरीही अशी एक पोथी आहे. सौभाग्यवतींची इच्छा ती नातीसोबत जावी अशी होती. मी कायदा सांगितला. दोन दिवस घरात अबोला होता. अखेर चिरंजिवांनी तिच्या पानापानाची छायाचित्रे घेतली आणि पोथी आपल्या जागी राहिली. धार्मिक ग्रंथांच्या ओझ्याबाबत आणखी एक दिलासा असा, की उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे. पाठशाळेची पुस्तके तेथे मिळतात आणि असंख्य ग्रंथ जैन ई-लायब्ररीत मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. सामायिकासाठी आसन, मुहपत्ती, पुंजणी, सुताची माळ आणि प्रतिक्रमणाचे एक पुस्तक एवढे पुरते. आम्ही वजन केले. सारे मिळून एक किलोही भरले नाही.

कुप्याची मर्यादा

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे नऊ प्रकार मोजले आहेत : क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य. पहिल्या आठांची मर्यादा आपण थोडीफार आठवतो. कुप्य म्हणजे भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, घरातील किरकोळ सामान. त्याची मर्यादा कोणी ठरवत नाही, आणि परदेशी जाताना नेमके तेच आडवे येते.

आमच्या बेचाळीस खोक्यांची शेवटी आठ झाली. सहा बॅगा विमानात गेल्या, आठ खोकी समुद्रातून. बाकीचे सामान एका छात्रालयाला आणि नातेवाइकांना दिले. खोकी पोहोचली तेव्हा तिकडे बर्फ पडू लागला होता. गेल्या पर्युषणात क्षमापनेसाठी फोन आला, तेव्हा मी सहज विचारले. आठांपैकी तीन खोकी तळघरात अजून बांधलेलीच आहेत. त्यांत काय आहे, हे चिरंजिवांना यादी पाहून सांगावे लागले.

ती तीन खोकी पाठवण्याचे भाडे मीच भरले होते. त्या पैशांत त्यांच्या घराचे एका महिन्याचे भाडे निघाले नसते, पण नातीचे बर्फातील बूट आणि कोट नक्की आला असता. वाचकांच्या घरी जेव्हा खोकी भरण्याची वेळ येईल, तेव्हा दर मागण्यापूर्वी आपल्या तीन खोक्यांचा शोध घ्यावा, एवढीच विनंती.